छपराला माणसं कळतात

मुख्य चर्चचे छप्पर नऊ वर्षांत तीन वेळा बदलले गेले. तिन्ही वेळा ते एकाच जागी, बिशपांच्या आसनाच्या बरोबर वर गळले; आणि गळले ते बहुतेक वेळा पाऊस नसताना.

त्या रविवारीही आभाळ कोरडे ठणठणीत होते. मिस्सा सुरू होऊन बेचाळीस मिनिटे झाली आणि पहिला थेंब पडला. ताईने घड्याळ पाहिले. वेळ टिपल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असे मानायची तिला सवय नव्हती. चौतीस वर्षे वेधशाळेत ओला आणि कोरडा असे दोन तापमापक वाचून ती निवृत्त झाली होती. चर्चमध्ये ती बाप्तिस्मा, लग्न आणि दफन एवढ्यालाच येई. आज यांतले काहीच नव्हते. आज तिची सही हवी होती.

थेंब पडताच सचिव फादर शांतपणे पुढे झाले आणि त्यांनी बिशपांच्या डोक्यावर पांढरी छत्री धरली. गेल्या वर्षी ही छत्री आणली तेव्हा लोकांना हसू आवरेना. मग सवय झाली. पुढे बाहेरून आलेल्या एका विद्वान पाहुण्याने तिची छायाचित्रे काढून 'प्राचीन छत्रविधीचे अवशेष' या विषयावर निबंध लिहिला. त्या निबंधाला बिशपांनी प्रस्तावना दिली. आसन चार हात बाजूला सरकवावे, असे एका म्हाताऱ्या फादरांनी सुचवून पाहिले होते. "आसन हलणं म्हणजे धर्मप्रांत हलणं," असे उत्तर त्यांना मिळाले. धर्मप्रांत त्यानंतर बराच हलला. आसन जागचे हलले नाही.

छत्रीखालचा हा बिशप ताईचा पाठचा भाऊ. वय अडुसष्ट, अंगावर जांभळा झगा, बोटात अंगठी, आणि घरात नाव बाळ.

जेवण बिशपनिवासात होते. चोवीस जणांच्या मेजाच्या एका टोकाला पाच जण बसले होते, त्यामुळे उरलेले मेज कुणीतरी यायचे राहिल्यासारखे दिसत होते. भिंतीवर पूर्वीच्या बिशपांच्या तसबिरी होत्या आणि तसबिरींच्या मधे पांढुरके चौकोन होते. तिथल्या सोनेरी चौकटींना गिऱ्हाईक मिळाले होते. हीटर फक्त मेजाच्या या टोकाला लावलेला होता. स्वयंपाकीण गेल्या वर्षी 'मुक्त' झाली, म्हणून सूप सचिव फादर स्वतः वाढत होते.

'मुक्त' हा बाळचा आवडता शब्द. पहिल्या छपरासाठी धर्मप्रांताचा छापखाना मुक्त झाला; तिथे आता व्यायामशाळा होती. दुसऱ्या छपरासाठी शाळेचे मैदान मुक्त झाले. तिथे आता गाड्या उभ्या राहत. तिसऱ्यासाठी अकरापैकी सहा लहान चर्च मुक्त झाली आणि तिथल्या लोकांना दर रविवारी बसने मुख्य चर्चला आणायची सोय झाली. या सोयीचे नाव 'एकत्रीकरण'. मुख्य चर्च तुडुंब भरू लागले, आणि पुढच्या वार्षिक अहवालात बाळने 'श्रद्धेचा महापूर' असे शीर्षक देऊन त्या गर्दीचा फोटो छापला.

आता चौथे छप्पर व्हायचे होते, तांब्याचे. आणि आता मुक्त व्हायचे होते ते आजोबांनी बांधून दिलेले वृद्धांचे घर. आजोबा लाकडाचे व्यापारी. देव आणि गिऱ्हाईक दोघांनाही लेखी व्यवहाराशिवाय दारात उभे न करणारे. घर धर्मप्रांताला देताना त्यांनी अट घातली होती, की ते विकायचे झाल्यास हयात नातवंडांपैकी प्रत्येकाची लेखी संमती लागेल. हयात नातवंडे तीन. बाळने सही केली होती. धाकट्याने, म्हणजे सगळ्यांत लहान भावाने, केली होती. तिन्ही छपरे त्यानेच घातली होती आणि चौथ्याचे कामही त्यालाच मिळणार होते. ताईची राहिली होती. चार वाजता वकील यायचे होते.

"सूप घ्या ना वन्सं, गार होतंय," धाकट्याची बायको म्हणाली. तिला घरात सगळे वहिनीच म्हणत. "बिशप महोदयांनी तुमच्यासाठी मुद्दाम बिनमिरीचं करायला सांगितलं. तुमच्या पोटासाठी."

"पोट बरं आहे माझं. सही हवी असली की ह्या घराला माझं पोट आठवतं."

"ताई," बाळ मृदू आवाजात म्हणाला. त्याचा आवाज नेहमीच मृदू असे. त्या आवाजात नकार देता येत नसल्यामुळे त्याने आयुष्यात कुणाला नकार दिलाच नव्हता, आणि होकार दिलेल्या गोष्टी एकमेकींत अडकून पडल्या होत्या. "हा परीक्षेचा काळ आहे. आपल्याला काहीतरी सोडावं लागेल."

"तू काय सोडतोयस?"

"मी... ज्या अर्थी मी प्रमुख आहे..."

"ते सोडतोयस?"

मेजाच्या कडेला आत्या बसली होती. वय अठ्ठ्याऐंशी, चाळीस वर्षे नर्स-सिस्टर म्हणून काढलेली, आणि गेली बारा वर्षे आजोबांच्या त्याच घरातली रहिवासी. तिने पावाचा तुकडा सुपात बुडवला. "भांडू नका रे. मी जाते म्हटलंय ना. माझं काय, पिकलं पान."

"कुठे जातेस ते सांगितलं का तुला?" ताईने विचारले.

"कुठल्याशा गावी. सहा तास लागतात म्हणे."

"आणि नर्सबाई?"

आत्याने पावाचा तुकडा सुपात आणखी खाली दाबला. तिच्या खोलीत दुसऱ्या पलंगावर एक नर्सबाई राहत. त्यांची दृष्टी सात वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून आत्या त्यांना रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवी. निधनवार्ता आधी, मग हवामान.

"नर्सबाईंची सोय दुसऱ्या गावी झाली आहे," सचिव फादर कागद न पाहता म्हणाले. "तेवीस रहिवासी, चार गावं. कुणालाही वाऱ्यावर सोडलेलं नाही."

"दोघींना एकत्र का नाही?"

"एकत्रीकरण त्या टप्प्यात बसलं नाही."

ताईने चमचा खाली ठेवला. "बरं. मी सही करते. फक्त एक सांगा. छप्पर गळतं कशानं?"

नऊ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता असे नाही. पण 'छप्पर गळतं म्हणून' असे त्याचे उत्तर छपरासाठी नेमलेल्या समितीने एकमताने स्वीकारले होते.

"जुनं झालंय," बाळ म्हणाला.

"दोन वर्षांपूर्वी घातलंय."

"पाऊस फार होतो हल्ली," वहिनी म्हणाली.

"वहिनी, पाऊस मी मोजायचे. पोटासाठी. गेल्या सत्तेचाळीस दिवसांत थेंब पडलेला नाही. आज सकाळी मात्र पडला, बेचाळिसाव्या मिनिटाला, बाळच्या पुस्तकावर."

धाकटा उसळला. "म्हणजे मी वाईट काम केलं असं म्हणायचंय का तुला? तीन थर दिलेत मी वर. मुंगी आत यायची नाही!"

"मुंगीचं कोण बोलतंय? बादली कोण ओततो ते सांग."

बादली घंटाकाका ओतत. चर्चची घंटा वाजवणे, मेणबत्त्या लावणे, फरशी पुसणे हे काम ते एकतीस वर्षे करीत होते. त्यांना बोलावणे गेले. ते आले आणि मेजापासून सहा पावलांवर उभे राहिले. त्या गालिच्यावर आपण कितपत पाऊल टाकायचे हे त्यांनी कधीचेच ठरवून टाकले होते.

"काका, किती पाणी पडतं, काही अंदाज?" ताईने विचारले.

"अंदाज कशाला, बाई? वही आहे." त्यांनी कोटाच्या खिशातून पेन्सिलीने लिहिलेली, पाण्याने फुगलेली वही काढली. "आधीच्या बिशपांचा नियम होता. तेल असो, पाणी असो, ओतायचं ते मोजून ओतायचं."

"ही वही समितीने पाहिली का?"

"समितीने माझ्याकडे बादली मागितली होती, बाई. वही नाही."

ताईने चष्मा लावला. वहीत तारीख होती, मग पाणी, मग कारण. वार जुळवायला तिला फार वेळ लागला नाही. रविवार, तीन बादल्या. बुधवार, काही नाही. रविवार, साडेतीन. मग एका मंगळवारी दोन बादल्या, आणि पुढे 'दफन, कारखान्याचे मालक'. एका शुक्रवारी शून्य, पुढे 'दफन, शिंपी'.

घंटाकाकांनी घसा खाकरला. "मी सांगू का, बाई? छपराला माणसं कळतात. मोठ्याचं दफन असलं की ते रडतं. गरिबाचं असलं की ढुंकून बघत नाही. एकतीस वर्षं बघतोय, म्हणजे रडायला लागलंय ते नऊ वर्षांपासून, पण माणूस ओळखण्यात एकदाही चुकलेलं नाही."

बाळने मान हलवली. त्याला ते पटलेले दिसले.

"कारखान्याच्या मालकाच्या दफनाला लोक किती होते?" ताईने विचारले.

"सातशे तरी."

"आणि शिंप्याच्या?"

"मी धरून नऊ."

ताईने वही मिटली आणि खुर्ची मागे सारली. "धाकट्या, ऊठ. वर जायचंय."

"आत्ता? अगं, जेवण..."

"चारला वकील येणार. ऊठ."

बाळने तिला हाताने थांबवायचा प्रयत्न केला. "ताई, पायऱ्या फार आहेत. तुझं वय..."

"मोजून ये म्हणून सांगतोस की जाऊ नको म्हणून?"

पायऱ्या ब्याण्णव होत्या. ताई एकाहत्तर वर्षांची आणि धाकटा बासष्टचा. पण वाटेत तीनदा थांबावे लागले ते धाकट्याच्या गुडघ्यासाठी. लहानपणी असेच त्याला मागे टाकून ती गच्चीवर जात असे आणि तो जिन्यात बसून रडत असे. आज तो रडला नाही. त्याऐवजी त्याने पत्र्याच्या जाडीविषयी माहिती दिली.

माळ्यावर पोचल्यावर तिने आधी बाहेरचे झापड उघडून छपरावर हात फिरवला. हाताला धूळ लागली. त्या धुळीत कबुतरांच्या पावलांच्या रांगा उमटलेल्या होत्या, एखाद्या सुबक हस्ताक्षरासारख्या. मग तिने आत येऊन त्याच पत्र्याच्या खालच्या बाजूला हात लावला. हात ओला झाला. विजेरीच्या उजेडात सगळा पत्रा चमकत होता: लाखो बारीक थेंब, शेजारच्याला मिळण्याइतके मोठे होण्याची वाट पाहणारे. जे मोठे झाले होते ते उताराने सरकत मधल्या तुळईकडे जात होते, आणि तुळई त्यांना वेदीच्या दिशेने घेऊन जात होती, थेट आसनाच्या वर.

"वर कोरडं, खाली ओलं," ताई म्हणाली. "हे गळणं नव्हे रे. हा घाम आहे."

"छपराला घाम?"

"गार पाण्यानं भरलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं की नाही? तांब्या फुटलेला असतो का? एक माणूस तासाभरात साधारण पन्नास मिलिलिटर पाणी श्वासातून आणि अंगातून बाहेर टाकतो. खाली आठशे माणसं, दीड तास. कर हिशेब."

धाकट्याला हिशेब येत होता. कंत्राटदार होता तो. "साठ लिटर," तो पुटपुटला.

"चार बादल्या. थोडं भिंती पितात. काकांच्या वहीत साडेतीन आहेत. मेणबत्त्यांचं आणखी वेगळं. मेण जळतं तेव्हाही पाणीच तयार होतं. ही सगळी वाफ वर येते. पूर्वीही येत असेल. मग पूर्वी ती जायची कुठे?"

धाकट्याने विजेरीचा झोत दुसरीकडे वळवला, आणि नेमके तेवढ्यानेच ताईचे लक्ष पहिल्या जागेकडे गेले. माथ्याच्या खाली, भिंतीच्या उंच टोकाला, ओळीने आठ चौकोन होते. कधीकाळी ते झरोके असावेत. दगडी चौकट तशीच होती. आत सिमेंट भरलेले होते. काम देखणे होते, कडा धारदार, कुठे फट नाही. शेवटच्या चौकोनात, सिमेंट ओले असताना, कुणीतरी खिळ्याने कोरले होते: 'दादास सप्रेम भेट', आणि खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

"हे मीच केलं," धाकटा म्हणाला. "फुकट केलं, ताई. एक पैसा घेतला नाही. दादाच्या बिशपपदाच्या दीक्षाविधीनंतरच्या आठवड्यात."

"हो रे. फुकट मिळालं तेच सगळ्यांत महाग पडलं."

"पण तेव्हा तर कौलं होती."

"कौलं पाणी पीत होती, म्हणून थोडंच ठिबकायचं. ते थांबवायला तू पत्रा घातलास. पत्रा काही पीत नाही. मग ते थांबवायला आणखी घट्ट पत्रा. मग त्याखाली आणखी एक थर. दर वेळी भांड्याचं झाकण जास्त गच्च लावलंस आणि दर वेळी विचारलंस, झाकणाला पाणी कुठून येतं."

धाकटा एका तुळईवर बसला. तो लबाड नव्हता. सांगितले तेवढे आणि सांगितले तसे बांधून देणारा माणूस होता तो, आणि कशासाठी ते विचारणे म्हणजे गिऱ्हाईकाचा अपमान, असे तो आजोबांकडून अर्धवट शिकला होता. मग तो म्हणाला, "छिन्नी-हातोडा लागेल. दोन माणसं, अर्धा दिवस."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि हे बंद करायला दादानं का सांगितलं?"

"विचारलं नाही मी. खाली आहे तो, तूच विचार."

खाली सूप जाऊन बटाटे आले होते आणि तेही गार झाले होते. ताईने उभ्यानेच सगळे सांगितले: वरचा पत्रा, खालचा पत्रा, साठ लिटर, आठ झरोके. तिने विशेषणे वापरली नाहीत. सांगून झाल्यावर आत्याच्या तोंडून पहिले वाक्य आले.

"म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तीन इंजेक्शनं."

"चौथं तांब्याचं," ताई म्हणाली.

वहिनीने हातातला रुमाल घडी घालून मेजावर ठेवला. या घरात तिच्याइतक्या लवकर परिणाम कुणाला दिसत नसत. "वन्सं, हे खरं असेल. मी खोटं म्हणत नाही. पण उद्या तुम्ही झरोके फोडले आणि पाणी थांबलं, तर लोक विचारतील की मग छापखाना कशासाठी गेला? मैदान कशासाठी गेलं? सहा चर्चना कुलपं का लागली? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ उघडून बघितली मी. पाणी आहे आत."

"अगं, तिचंही बरोबर आहे," धाकटा म्हणाला, आणि लगेच, "म्हणजे तुझंही," आणि मग बायकोकडे पाहून त्याने बटाटा तोंडात घातला.

सचिव फादरांनी हळूच सुचवले की निवेदनात 'अंतर्गत आर्द्रताविषयक बाब' असा उल्लेख करता येईल. त्यांच्याकडे कुणी पाहिले नाही.

बाळ अंगठी फिरवीत होता. "ताई, मी एक मार्ग सांगतो. सगळ्यांचं भलं होईल असा. झरोके उघडू. धाकटा ते शांतपणे करील, आतून, कुणाला न कळता. आणि तांब्याचं छप्परही घालू. मग पाणी थांबेल."

"झरोक्यांनी थांबेल."

"थांबेल ना? लोक म्हणतील, तांब्यानं थांबलं. धर्मप्रांतात कुणाचा विश्वास ढळणार नाही."

"आणि त्यासाठी घर विकायचं. आत्या एका गावाला, नर्सबाई दुसऱ्या."

"विश्वासाला किंमत असते, ताई."

आत्याने हातातला पाव ताटात ठेवला. "बाळ, मी जाते म्हटलं होतं ते चर्चमध्ये पाणी पडतंय म्हणून. तुझ्या अब्रूला गळती आहे हे मला ठाऊक नव्हतं. आता मी जात नाही. उचलून न्यावं लागेल, आणि माझं वजन अजून बरंच आहे."

"झरोके का बंद केलेस?" ताईने विचारले.

बाळचा चेहरा बदलला. नऊ वर्षांचा बिशप त्यावरून उतरला आणि मोठ्या बहिणीने खोडी पकडलेला मुलगा तिथे आला.

"वाऱ्यानं," तो म्हणाला. "दीक्षाविधीच्या दिवशी वेदीवरच्या मेणबत्त्या विझल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा विझल्या. तिसऱ्यांदा लावल्या. दोन बिशप शेजारी उभे. हजार माणसं श्वास रोखून. तिसऱ्यांदा सगळ्या एकदम विझल्या, आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून कुणीतरी हसलं." त्याने वर पाहिले. "तू हसलीस, ताई."

ताईला ते आठवत होते. तिला ते अगदी नेमके आठवत होते: झुळूक दर चार मिनिटांनी येत होती, आणि तिसरी कोणत्या क्षणी येईल याचा तिने मनात अंदाज बांधला होता.

"मी तुला हसले नव्हते," ती म्हणाली. "माझा अंदाज सेकंदावर बरोबर आला, म्हणून हसले."

"तो फरक मला तिथून दिसला नाही."

धाकट्याने एकदा दादाकडे, एकदा ताईकडे पाहिले; बारा वर्षांचा असतानाही तो असाच दोघांच्या मधे बसून पाहत असे.

"दोघे बिशप वळून बघायला लागले," बाळ म्हणाला. "एकानं मला नंतर विचारलं, ती कोण. मी म्हटलं, ओळखत नाही. घरच्या माणसाला मी त्या दिवशी ओळखत नाही म्हटलं, ताई. मग मी ठरवलं, ह्या चर्चमध्ये पुन्हा ज्योत हलणार नाही." त्याने तिच्यापुढे कागद सरकवला. आवाज पुन्हा मृदू झाला होता. "तू हसली नसतीस तर यातलं काही झालं नसतं. आज मी तुझ्याकडे एकच मागतो. सही कर. हे आपल्या पाच जणांत राहू दे. पुन्हा मला त्या वेदीवर तसं उभं करू नकोस."

ताईला त्याची दया आली. दया ही तिच्या मते फारशी विश्वासार्ह नोंद नव्हती, पण ती आली हे नाकारण्यात अर्थ नव्हता. तिच्या पाठच्या भावाला ती हसली होती आणि त्याने नऊ वर्षे ते मनात धरले होते; एवढ्या मऊ माणसाने ते बाहेर जायला जागाच ठेवली नव्हती. तिने पेन उचलले. वहिनीने श्वास सोडला. आत्याने डोळे मिटले.

वकील चारला दोन मिनिटे असताना आले. ओला कोट दारात काढून ठेवण्याची सवय असलेल्या माणसासारखे त्यांनी कोरडा कोट झटकला आणि कागदाकडे पाहून विचारले, "संमती की हरकत? हरकत असेल तर खालच्या रकान्यात कारण लिहावं लागेल. आणि नियमाप्रमाणे ते पंधरा दिवस चर्चच्या दारावर लावावं लागेल."

"किती ओळी आहेत?" ताईने विचारले.

"सहा. पण मागेही लिहिता येतं."

"ताई," बाळ म्हणाला.

"खोटं नाही लिहिणार, बाळ. तुझ्याबद्दल नाही आणि माझ्याबद्दलही नाही," ती म्हणाली, आणि वेधशाळेत ज्या उभट, सुट्या अक्षरांत ती रोज सकाळी आठची नोंद करी, त्याच अक्षरांत तिने लिहिले:

'हरकत आहे. नवीन छपराची गरज नाही, म्हणून घर विकण्याचीही नाही. चर्चमध्ये पडणारे पाणी पावसाचे नसून आत जमलेल्या माणसांच्या श्वासाचे आहे. ते बाहेर जाण्यासाठी आठ झरोके होते. नऊ वर्षांपूर्वी ते सिमेंटने बंद करण्यात आले. त्यानंतरचे प्रत्येक छप्पर आधीच्यापेक्षा घट्ट होते, म्हणून अधिक पाणी पडले. सहा चर्च बंद करून माणसे एका जागी आणली, म्हणून त्याहून अधिक पडले. झरोके बंद करण्याचा आदेश बिशपांचा, काम त्यांच्या धाकट्या भावाचे. कारण, दीक्षाविधीच्या दिवशी वाऱ्याने मेणबत्त्या विझल्या आणि पहिल्या रांगेतली एक बाई हसली. ती बाई मी.'